राष्ट्राध्यक्षाच्या काळात अर्थव्यवस्था सुधारली की बिघडली, हे तपासायचं कसं? (आणि कापसाच्या भावापर्यंत त्यातलं काय पोचतं?)

चोपडा_वाचनालय (प्रश्न)

राम राम मंडळी. वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी दर महिन्याला एक विषय घेतला जातो. या वेळचा विषय असा: "अमुक राष्ट्राध्यक्षाच्या काळात अर्थव्यवस्था चांगली होती" हे विधान खरं की खोटं, ते ठरवायचं कसं? उदाहरण अमेरिकेचं घेतलंय, कारण तिथली पन्नास-साठ वर्षांची आकडेवारी घरबसल्या फुकट मिळते.

अडचण अशी की मुलांचे दोन गट पडलेत. एक रेगन आणि ट्रम्प यांची बाजू घेतो, दुसरा क्लिंटन, ओबामा, बायडेन यांची. दोन्ही गट आपापल्या सोयीचा आकडा आणतात आणि दोन्हीकडचे आकडे खरेच असतात! मग निकाल लागणार कसा?

जाणकारांनी कृपया सांगावं: कोणते आकडे घ्यावेत, मोजणी कुठल्या दिवसापासून धरावी, आणि मुळात राष्ट्राध्यक्षाच्या हातात असतं तरी काय? शेवटचा प्रश्न आपल्या घरचा. २०२५ च्या हंगामात गावोगाव एकच वाक्य ऐकू येत होतं, "ट्रम्पमुळे कापूस पडला." यात खरं किती?

आकडेमोड_अमळनेर

दादा, आधी प्रश्नच बदला. "त्याच्या काळात काय झालं" असं विचारलं की हे भांडण कधी मिटणार नाही. "त्याने सही केलेल्या निर्णयामुळे काय वेगळं घडलं" असं विचारायला लावा. निम्मे आकडे तिथेच गळून पडतात.

हातात काय असतं ते आधी बघू. कर लावणं आणि पैसा खर्चायला मंजुरी देणं हा अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा अधिकार आहे. राष्ट्राध्यक्ष प्रस्ताव पाठवतो, सही करतो किंवा नकाराधिकार वापरतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारचा खर्च साधारण पावणेसात लाख कोटी डॉलर होता. त्यातला मोठा भाग निवृत्तिवेतन, आरोग्य अशा कायद्याने बांधलेल्या योजनांचा आणि कर्जावरच्या व्याजाचा. दरवर्षी नव्याने मंजूर होणारा भाग जेमतेम पाव, आणि त्यातलाही जवळपास निम्मा संरक्षणावर जातो. "राष्ट्राध्यक्षाने तूट वाढवली" असं म्हणण्याआधी वाढ कुठल्या भागात झाली ते बघायचं.

व्याजदर फेडरल रिझर्व्हकडे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे (थोडक्यात 'फेड'). सात गव्हर्नर, प्रत्येकाची पूर्ण मुदत १४ वर्षांची. दर ठरवणाऱ्या समितीत १२ मतं: सात गव्हर्नरांची, न्यूयॉर्कच्या फेड बँकेच्या अध्यक्षांचं एक आणि बाकीच्या विभागीय बँकांची आळीपाळीने चार. राष्ट्राध्यक्ष गव्हर्नर नेमतो, सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, त्याला मंजुरी देतं. दर मात्र तो ठरवत नाही.

खनिज तेलाचा भाव, साथीचे रोग, चीन-युरोपची मागणी, नव्या तंत्रज्ञानाने वाढणारी उत्पादकता हे तर कोणाच्याच हातात नसतं.

आता मोजणीची सुरुवात. शपथविधी २० जानेवारीला, पण अर्थसंकल्पी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्यामुळे नव्या माणसाचे पहिले आठ महिने आधीच्याच्या अंदाजपत्रकावर चालतात. २००९ ची तूट यासाठी मुलांना जरूर दाखवा. आकडा निघाला १.४ लाख कोटी डॉलर आणि तो सर्रास ओबामांच्या नावावर टाकला जातो. पण काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने, म्हणजे सीबीओने, ७ जानेवारी २००९ ला त्या वर्षाची तूट १.२ लाख कोटी राहील असा अंदाज दिला होता. तेव्हा ओबामांचा शपथविधी व्हायचा होता. फेब्रुवारीत त्यांनी मंदीतून सावरण्यासाठीच्या ७८७ अब्जांच्या पॅकेजवर सही केली, ती त्यांची जबाबदारी. पण तो पैसा बऱ्याच वर्षांत मिळून खर्च झाला, एका वर्षात नाही.

हाच सीबीओ माझ्या मते सगळ्यात उपयोगी पट्टी आहे. दर वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा अंदाज येतो आणि तो तेव्हा लागू असलेल्या कायद्यांवर बेतलेला असतो. म्हणजे नवा माणूस काहीच करणार नाही असं धरून पुढे काय होईल, याचं चित्र तयार मिळतं. नंतर प्रत्यक्षात काय झालं ते शेजारी ठेवायचं. १ फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजात रोजगार कोविड साथीच्या आधीच्या पातळीवर २०२४ मध्ये येईल असं म्हटलं होतं. मार्चमध्ये बायडेन यांनी साथीतल्या मदतीच्या १.९ लाख कोटींच्या कायद्यावर सही केली, आणि रोजगार ती पातळी २०२२ च्या मध्यावरच ओलांडून गेला. त्याच अंदाजात महागाई पुढची दोन वर्षं २ टक्क्यांच्या आसपास धरली होती. ती जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेली. अंदाजाच्या तुलनेत रोजगार बराच सरस, महागाई बरीच वाईट. दोन्ही गटांना या दोन ओळी एकत्रच मांडायला लावा, वेगवेगळ्या नाही.

यातली सगळी महागाई त्या कायद्याची होती का? त्यासाठी दुसरी पट्टी लागते: तोच धक्का बसलेले दुसरे देश. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनची महागाई ११.१ टक्क्यांवर आणि युरो वापरणाऱ्या देशांची १०.६ टक्क्यांवर गेली. तिथे बायडेन नव्हते. म्हणजे पुरवठा साखळी आणि युक्रेन युद्धाचा वाटा मोठा होता हे नक्की. पण जरा मागे जाऊन डिसेंबर २०२१ बघा, युद्ध सुरू होण्याआधीचा काळ. अमेरिका ७ टक्के, युरो क्षेत्र ५ टक्के. हा फरक नुसत्या पुरवठ्याच्या अडचणीने समजत नाही. अमेरिकेत लोकांच्या हातात थेट पैसा जास्त गेला, मागणी लवकर तापली. दोष कुठे आणि किती लावायचा ते असं महिना बघून ठरवावं लागतं.

निर्णय आणि परिणाम यांच्यात किती काळ जातो हा मुद्दा तर सगळ्यात जास्त निसटतो. ऑगस्ट १९७९ मध्ये कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांना फेडच्या अध्यक्षपदी नेमलं. महागाई मार्च १९८० मध्ये १४.८ टक्के होती. व्होल्कर यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या घरात नेले, लागोपाठ दोन मंदी आल्या, १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के झाली. १९८३ मध्ये महागाई ३ टक्क्यांच्या आसपास उतरली, १९८४ मध्ये विकासदर ७.२ टक्के आला आणि त्याच वर्षी रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. नेमणूक कार्टर यांची, निवडणूक हरले तेही कार्टर. रेगन यांचं श्रेय मात्र शून्य नाही: बेरोजगारी दोन आकडी असताना त्यांनी व्होल्करना काढलं नाही, १९८३ मध्ये पुन्हा नेमलं. करकपात आणि संरक्षण खर्चाने १९८३-८४ च्या उसळीला हातभारही लावला, आणि तूटही वाढवली. विमान आणि ट्रक वाहतुकीवरची बंधनं १९७८ आणि १९८० च्या कायद्यांनी उठली, सह्या कार्टर यांच्या, स्वस्त भाड्याचा फायदा ऐंशीच्या दशकात दिसला.

उलट दिशेचं उदाहरण थोरल्या बुश यांचं. मंदी मार्च १९९१ मध्ये संपली. पण बेरोजगारी पुढे वाढत जून १९९२ मध्ये ७.८ टक्क्यांवर गेली, कारण कारखानदार आधी असलेल्या माणसांकडून जादा काम करून घेतात, भरती उशिरा करतात. मंदी कधी संपली हे ठरवणाऱ्या समितीने तारीख जाहीर केली डिसेंबर १९९२ मध्ये. मतदान नोव्हेंबरमध्येच होऊन गेलं होतं.

तिमाही_हिशेब

वरच्या उत्तराला जोडून. मुलं आकडे जिथून उचलतील तिथेच बहुतेक घोळ होतात, म्हणून त्याबद्दल.

सगळ्या मालिका सेंट लुईस फेडच्या 'फ्रेड' या संकेतस्थळावर मिळतात. आलेखावर मंदीचे महिने राखाडी पट्ट्यांनी दाखवलेले असतात, एक्सेल फाइल उतरवून घेता येते. मुलांना पाच मालिका पुरे: महागाई वजा केलेलं सकल उत्पादन, बिगरशेती रोजगार, २५ ते ५४ वयातल्या किती टक्के लोकांना काम आहे ते प्रमाण, ग्राहक किंमत निर्देशांक आणि महागाई वजा जाता दरडोई खर्चायला उरणारं उत्पन्न. बेरोजगारीचा दर मी मुद्दाम मागे ठेवतो. काम शोधणं सोडून दिलेला माणूस त्यात धरला जात नाही, त्यामुळे लोक हताश झाले तरी दर सुधारलेला दिसू शकतो. २५ ते ५४ च्या प्रमाणात हा खड्डा नाही, आणि म्हातारे वाढल्याचा परिणामही बराचसा निघून जातो.

आता घोळ. अमेरिका तिमाही वाढ वार्षिक दराने सांगते, म्हणजे ही तिमाहीची गती चारदा लागली तर किती, असं. आपल्याकडे मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करतात. दोन्ही शेजारी ठेवू नका. २०२० मध्ये दुसऱ्या तिमाहीत उत्पादन साधारण ८ टक्के घटलं. ०.९२ चार वेळा गुणा, ०.७२ येतं, म्हणून बातमीत "उणे २८". तिसऱ्या तिमाहीत साधारण ७.८ टक्के वाढ. १.०७८ चार वेळा गुणा, "अधिक ३५". एक गट ३५ घेऊन येईल आणि खड्डा भरून वर आला म्हणेल. प्रत्यक्षात १०० चे ९२ झाले, ९२ चे ९९. त्यातही पहिल्या तिमाहीची घट धरलेली नाही. टक्केवारीऐवजी पातळी काढायला शिकवा, असले दावे दोन मिनिटांत उघडे पडतात.

पायाचा महिना. बायडेन यांच्या चार वर्षांत दीड कोटीच्या आसपास रोजगार वाढले, हे खरं. पण मोजणी जानेवारी २०२१ पासून धरली तर साथीत घरी बसलेले कामावर परतले, तेही त्यात येतात. फेब्रुवारी २०२० पासून धरली तर वाढ साठ लाखांच्या थोडी वर. तसंच ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत रोजगार निव्वळ घटले, हेही खरं. फेब्रुवारी २०२० ला थांबलात तर बेरोजगारी ३.५ टक्के, पन्नास वर्षांतली नीचांकी. दोघांसाठी एकच नियम लावा: तेजीच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत मोजा, आणि साथीचे महिने वेगळ्या रकान्यात टाका. जो गट एकासाठी साथ वगळतो आणि दुसऱ्यासाठी धरतो त्याचे गुण कापा.

मजुरीचा आकडा २०२०-२१ मध्ये फसवा आहे. साथीत कमी पगाराचे लोक आधी घरी बसले, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी मजुरी आपोआप फुगली. ते परत आल्यावर सरासरी खाली आली. कोणाचाही पगार न वाढता, न कापता. जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२५ किमती सुमारे २१ टक्के वाढल्या. सरासरी ताशी मजुरी त्या काळात त्याहून थोडी कमी वाढलेली दिसते, पण सुरुवातीचा महिना असा फुगलेला आहे. सुरुवात २०१९ पासून धरली की चित्र बदलतं.

महागाई उतरली म्हणजे भाव उतरले असं नाही, हेही फळ्यावर लिहा. दर ९ वरून ३ वर आला तरी वाढलेले भाव तिथेच राहतात, फक्त पुढची वाढ मंदावते. मतदार भावाची पातळी बघतो, अर्थतज्ज्ञ दर बघतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि एकमेकांना खोटं ठरवतात.

शेवटचं म्हणजे दुरुस्त्या. सकल उत्पादनाचे तीन अंदाज महिन्या-महिन्याच्या अंतराने येतात, रोजगाराचा आकडा पुढच्या दोन महिन्यांत सुधारतो आणि वर्षातून एकदा बेरोजगारी विम्याच्या नोंदींशी ताडून पुन्हा. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाने निर्णय घेतला तेव्हा त्याच्यासमोर कोणता आकडा होता ते बघायचं असेल तर 'फ्रेड'च्याच जोडीचं 'अल्फ्रेड' वापरा. त्यात त्या त्या तारखेला छापलेले जुने आकडे जसेच्या तसे मिळतात.

दोन गटांच्या भांडणाबद्दल: प्रिन्स्टनच्या अ‍ॅलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन यांचा २०१६ चा शोधनिबंध आहे. ट्रुमनपासून ओबामांच्या पहिल्या कार्यकाळापर्यंत डेमोक्रॅट (क्लिंटन, ओबामा, बायडेन यांचा पक्ष) राष्ट्राध्यक्षांच्या काळात विकासदर सरासरी १.८ टक्के बिंदूंनी जास्त, ४.३३ विरुद्ध २.५४. प्रत्येकाची पहिली तिमाही त्यांनी आधीच्याच्या खात्यात टाकली होती. डेमोक्रॅट गट हे वाचून खूष होईल, पण त्यांना पुढचं पानही वाचायला लावा. हा फरक सरकारी खर्चाच्या किंवा व्याजदराच्या धोरणातून आलेला दिसत नाही. तेलाचे सौम्य धक्के, उत्पादकतेची वाढ, बाहेरच्या जगातली बरी परिस्थिती, आणि कदाचित ग्राहकांचा आशावाद, हीच कारणं सापडली. थोडक्यात, बराचसा वाटा योगायोगाचा.

गिरणाकाठ

दोन्ही उत्तरं पटली, पण एक धोका दिसतो. असं सोलत गेलं की राष्ट्राध्यक्ष कशालाच जबाबदार उरत नाही. तसं नाही भाऊ.

दबावाचा हिशेब कुठे धरला? १९७२ च्या निवडणुकीआधी निक्सन यांनी फेडचे अध्यक्ष आर्थर बर्न्स यांच्यावर पैसा सैल सोडण्यासाठी दबाव आणला, व्हाइट हाउसच्या ध्वनिमुद्रणांत ते आहे. त्याआधी १५ ऑगस्ट १९७१ ला एका भाषणात मजुरी-किमती ९० दिवस गोठवल्या आणि डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. निवडणुकीपर्यंत महागाई दबून राहिली. नियंत्रणं सुटली, १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं, आणि डिसेंबर १९७४ मध्ये महागाई १२ टक्क्यांच्या वर. तेल निक्सन यांनी रोखलं नाही, पण फोडणी आधीच तापवून ठेवली होती.

आयातशुल्क हे तर आजघडीला सरळ राष्ट्राध्यक्षाचं हत्यार आहे. मूळ अधिकार काँग्रेसचा, पण १९६२ आणि १९७४ च्या कायद्यांनी त्यातला बराच राष्ट्राध्यक्षाकडे गेला. २०२५ मध्ये १९७७ चा आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांचा कायदा पहिल्यांदाच शुल्कासाठी वापरला गेला आणि त्यावर खटले उभे राहिले. इथे निर्णय एका माणसाचा, तारीख पक्की आणि परिणामाला वर्षं लागत नाहीत, काही आठवड्यांत बंदरावर दिसतो. जिथे सही आणि परिणाम इतके जवळ असतात तिथे श्रेय-दोष ठामपणे द्यायला हवा.

आणि संस्था. १ ऑगस्ट २०२५ ला रोजगाराचा कमजोर अहवाल आला, त्याच दिवशी कामगार सांख्यिकी विभागाच्या प्रमुखांना काढण्याचा आदेश निघाला. त्याच महिन्यात फेडच्या गव्हर्नर लिसा कुक यांना हटवण्याचा आदेश आला, प्रकरण न्यायालयात गेलं. याचा परिणाम त्या वर्षीच्या विकासदरात शोधून सापडणार नाही. तो सापडेल दीर्घ मुदतीच्या रोख्यांच्या व्याजात आणि लोकांच्या महागाईच्या अपेक्षेत, तोही सावकाश. मुलांच्या तक्त्यात "संस्था मजबूत केल्या की खिळखिळ्या" असा रकाना हवाच. माझ्या दृष्टीने विकासदराच्या रकान्यापेक्षा तो जास्त महत्त्वाचा आहे.

खंडी_गाठ

कापसाचं सांगतो. "ट्रम्पमुळे पडला" हे वाक्य पूर्ण खोटं नाही, पण मधल्या दोन कड्या गाळून बोललं जातं.

२०२५ चा घटनाक्रम असा. ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क, २७ ऑगस्टपासून आणखी २५. कपडे आणि घरगुती कापडाच्या निर्यातदारांच्या ऑर्डरी अडकल्या. ही पहिली कडी, आणि ती थेट व्हाइट हाउसची. गिरण्यांनी स्वस्त रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) मागणी लावून धरली होती, दिल्लीने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. ही दुसरी कडी, आणि हा निर्णय आपल्या सरकारचा. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या महिन्यांत बाहेरच्या रुईला दार उघडं. तिसरी गोष्ट जगातला भाव, तो त्याआधीपासूनच मऊ होता.

आता किती रुपयांचा फरक पडतो ते काढू. न्यूयॉर्कचा कापूस वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) सेंट प्रति पौंडात असतो. आपली खंडी ३५५.६ किलोची, म्हणजे ७८४ पौंड. उदाहरणाला ६५ सेंट आणि डॉलर ८८ रुपये धरा. ६५ गुणिले ७८४ म्हणजे ५०९.६ डॉलर, रुपयात सुमारे ४४,८५० ची खंडी. भाडं, विमा, दर्जाचा फरक यावर वेगळे. या आकड्यावर ११ टक्के शुल्क म्हणजे खंडीमागे सुमारे ४,९३० रुपये, किलो रुईमागे जवळपास १४.

एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघते असं धरा (उतारा ३३ ते ३५ असतो, बाकी सरकी आणि थोडी घट). ३४ गुणिले १४ म्हणजे क्विंटलमागे ४७० ते ४७५ रुपये. शुल्क उठल्याने भावावर जास्तीत जास्त एवढाच दाब येऊ शकतो. प्रत्यक्षात त्याहून कमीच येतो, कारण आयातीला वेळ लागतो आणि बाहेरचे विक्रेतेही भाव थोडा चढवतात. खेडा खरेदीत कोणी "शुल्क उठलं म्हणून हजार रुपये कमी" म्हणत असेल तर वरचे पाचशे शुल्काचे नाहीत, हे पक्कं समजा.

त्याच हिशेबाने: न्यूयॉर्कला एक सेंट हलला की इथे खंडीला साधारण ६९० आणि क्विंटल कापसाला ६५ रुपये हलायला हवेत. डॉलर एक रुपयाने महागला की क्विंटलला ४९ रुपयांचा आधार. शुल्काच्या बातमीने रुपया घसरला तर तोच उलट बाजूने थोडं भरून काढतो. सरकीचे भाव यात धरलेले नाहीत, ते ढेप आणि तेलावर चालतात, आणि क्विंटलमागे साठ-पासष्ट किलो सरकी असते हे विसरू नका. कित्येकदा कापूस हलतो तो रुईने नाही, सरकीने.

मग दोष कोणाला? मागचे दोन प्रसंग शेजारी ठेवा. जुलै २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या शुल्काला उत्तर म्हणून चीनने अमेरिकी कापसावर २५ टक्के लावले. जून २०१८ मध्ये ९० सेंटच्या वर असलेला वायदा ऑगस्ट २०१९ मध्ये ६० च्या खाली होता. इथे राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयाचा हात स्पष्ट दिसतो, जरी जगात पीक आणि मागणीही त्यात होतीच. दुसरा प्रसंग २०२२ चा. मे महिन्यात १५० सेंटच्या वर, ऑक्टोबर अखेर ७५ च्या खाली. तेव्हा राष्ट्राध्यक्षाने कापसावर कुठलं नवं शुल्क लावलं नव्हतं. फेडने व्याज चढवलं, डॉलर वधारला, जगभरच्या गिरण्यांनी साठा करणं थांबवलं. पन्नास टक्क्यांहून मोठी पडझड, आणि तीही सहा महिन्यांच्या आत. आपल्या भावावर व्हाइट हाउसपेक्षा फेडचा हात कधी कधी जास्त जड असतो.

एक स्थानिक बाब. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१०. सीसीआय (हमीभावाने खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं, १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कापून घेतं, त्यापुढे माल परत. पाऊस लांबलेल्या वर्षी पहिल्या वेचणीचा माल १५-१८ टक्क्यांचा असतो, तो केंद्रावर बसत नाही, म्हणून हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याकडे जातो. हा फरक कुठल्याही राष्ट्राध्यक्षाचा नाही. चार उन्हं दाखवून ओलावा उतरवला आणि नोंदणी वेळेत केली तर तो बराचसा वाचतो.

चोपडा_वाचनालय

सगळ्यांचे मनापासून आभार. क्विंटलचा हिशेब फळ्यावर तसाच मांडणार. एकच शंका: तक्ता भरताना शेवटी गुण द्यायचे की नाहीत? दहापैकी किती, असं मुलं विचारणारच.

आकडेमोड_अमळनेर

एकूण गुण देऊ नका. गुणांची बेरीज केली की कोणत्या रकान्याला किती वजन द्यायचं यावरून पुन्हा तेच भांडण. प्रत्येक निर्णयाची एक ओळ करा आणि सहा रकाने: सही कधी, अंमल कधीपासून, सीबीओचा आधीचा अंदाज, प्रत्यक्षात काय झालं, तोच काळ दुसऱ्या दोन देशांत कसा गेला, आणि शेवटी "निर्णयाचा हात: ठाम, संभाव्य, दिसत नाही." गिरणाकाठ भाऊंचा संस्थांचा रकाना सातवा घ्या, तो मोलाचा आहे.

एका राष्ट्राध्यक्षाचे चार-पाच निर्णय पुरेत. ट्रम्प यांच्या पहिल्या काळासाठी डिसेंबर २०१७ ची करकपात (कंपनी कर ३५ वरून २१ टक्के), २०१८ ची शुल्कं, मार्च २०२० चं साथीतलं पॅकेज आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये फेडच्या अध्यक्षपदी आलेले पॉवेल यांची नेमणूक. बायडेन यांच्यासाठी मार्च २०२१ चा कायदा, २०२२ चे चिप आणि हरित ऊर्जेचे दोन कायदे, तेलाच्या राखीव साठ्यातून १८ कोटी पिंप काढण्याचा निर्णय आणि पॉवेल यांचीच पुनर्नेमणूक. पॉवेल दोन्ही तक्त्यांत येतात, ते मुद्दाम राहू द्या.

आणि गटांची अदलाबदल करा. रेगन-ट्रम्पवाल्यांना बायडेनचा तक्ता भरायला द्या, दुसऱ्यांना ट्रम्पचा. "ठाम" लिहायला दोन पुरावे लागतील अशी अट घाला: एक अंदाजाशी तुलना, एक दुसऱ्या देशाशी. चिप कायद्याच्या ओळीत बहुतेक मुलं "दिसत नाही" लिहितील, तेही चालेल. कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला चार-पाच वर्षं लागतात, त्या ओळीसमोर पुढच्या तपासणीचं साल लिहून ठेवा.

तिमाही_हिशेब

एक भर: तक्त्यात प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या तारखेला उतरवला तेही लिहायला सांगा. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज बंद पडल्याने अहवाल लांबले, ते महिने वापरताना तर हे लागेलच. पुढच्या बॅचने तोच आकडा काढला आणि वेगळा आला, तर चूक कोणाची नाही, दुरुस्ती झालीय, हे तारखेवरून लगेच कळेल.